खालच्या अर्ध्या पडद्यातली गाडी

आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत, पिंपळ नाही आणि अमावस्याही नाही. त्यासाठी आला असाल तर या पेजवर बाकीच्यांच्या पोस्टी भरपूर आहेत, त्या वाचा.

ही रात्रीची गोष्टसुद्धा नाही.

दोन हजार दहा साल. ऑक्टोबर महिना, दसऱ्याची भरदुपार. आमगाव, जिल्हा गोंदिया. माझ्या सख्ख्या मावशीचं घर.

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट आमच्या घरात भुताखेताचं नाव काढलं तरी मावसाजी बोलणं बंद करायचे. मावसाजी म्हणजे देवीदास. राईस मिलमध्ये मुकादम होते आणि दर रविवारी विहारात पोरांचा वर्ग घ्यायचे. बैठकीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. गल्लीत कोणाच्या अंगात आलं, कोणी लिंबू उतरवून टाकलं, तर मावसाजी ते लिंबू उचलून आणायचे आणि सरबत करून प्यायचे.

अशा माणसाच्या घरात हे झालं. म्हणून तर सांगते आहे.

घरात चौघं होते. मावसाजी, माझी मावशी सुमनबाई, मुलगा संघदीप आणि त्याच्याहून बरीच लहान बहीण रचना.

रचनाला सिकल होतं.

आमच्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. हा रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग हाडं दुखतात. कसं दुखतं ते मी सांगू शकत नाही, कारण मला ते झालं नाही. पण उशीत तोंड खुपसून पडलेली ती पोरगी मी पाहिली आहे.

संघदीप बाजारात मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात बसायचा. त्यानं गोंदियाहून कोणाचं तरी वापरलेलं प्लेस्टेशन आणलं होतं. दोन रिमोट, वायरींना ठिकठिकाणी चिकटपट्टी, झाकण नीट लागत नाही म्हणून त्यावर ठेवायला मावशीचा खलबत्त्यातला बत्ता. आणलं स्वतःसाठी. पण रचनाची शाळा सुटल्यासारखीच होती, दिवसभर बाजेवर पडून ती तरी काय करणार. हळूहळू ते तिचंच झालं.

ती स्वतः खेळायची नाही. बोटं सुजायची. ती बघायची आणि निकाल द्यायची.

गोंदियाच्या बाजारातून नवी डीव्हीडी आली की संघदीप जमिनीवर बसून खेळणार आणि ही बाजेवरून गेमची अब्रू काढणार. तिची एकच परीक्षा होती. पाणी. डॉक्टरांनी तिला सारखं पाणी प्यायला सांगितलेलं, हातात कायम तांब्या, त्यामुळे असेल. गेममध्ये नदी दिसो, समुद्र दिसो, नाही तर रस्त्यावरचं डबकं, ती म्हणायची, "दादा, पाण्यात पाय टाकून पाह्य."

एका मारामारीच्या गेममध्ये हिरो समुद्रात उतरला तरी लाट हलली नाही. "नापास," रचना म्हणाली. "हे पाणी नोहे, हे फरशी होय."

एका गेममध्ये शेती करायची होती. मुळे लावायचे, गाजरं लावायची, गाय पाळायची. "धान कुठं आहे? बांध कुठं आहे? असा कोणता शेतकरी होते बापा?" पण त्यात विहिरीचं पाणी काढताना बादली हिंदकळायची, म्हणून तो पास.

एकात मढी उठून माणसांच्या मागे लागायची. संघदीपचेच हात घामेजलेले. ही म्हणाली, "यायले पाहून मले झोप येऊन राहिली."

बाजारातल्या पोरांना संघदीप गेमबद्दल जे ज्ञान पाजायचा ना, ते सगळं या बाजेवरचं होतं.

सगळ्यात वाईट निकाल मिळाला तो गाड्यांच्या रेसच्या गेमला. त्यात पाणीच नव्हतं. रस्ता, भिंती, पाट्या, बस्स.

आणि शेवटी तोच गेम सगळ्यात जास्त खेळला गेला.

झालं असं. त्या गेममध्ये दोघांनी खेळायचं म्हटलं की पडदा आडवा कापला जायचा. वरच्या अर्ध्यात संघदीपची लाल गाडी, खालच्या अर्ध्यात रचनाची पांढरी. एकदा तिनं हात दुखतो म्हणून रिमोट गुडघ्यावर ठेवून दिला. तिची गाडी पिवळ्या भिंतीला टेकून उभी. संघदीपचा ताबा सुटला आणि तो तिच्या गाडीवर जाऊन आदळला. गाडीला धक्का बसला की या रिमोटला थरथर सुटते. तिच्या गुडघ्यावर रिमोट घुरघुरला.

रचनानं गुडघ्यावरच्या रिमोटवर हात ठेवला. मग म्हणाली, "दादा, आणखी एकदा धडक ना."

तिला बरं वाटलं होतं. दुखणं गेलं नव्हतं, पण त्या थरथरीनं जरा बाजूला सरकलं होतं.

त्या दिवसापासून ते औषधच झालं. ती रिमोट गुडघ्याला लावून धरायची. कधी नडगीला, कधी कोपराला. हा मागे जाऊन, वेग घेऊन, तिच्या उभ्या गाडीला धडक द्यायचा. पुन्हा मागे. पुन्हा धडक. कितीतरी दुपारी. रचनाची गाडी आयुष्यात एकही रेस पळली नाही, तिनं फक्त मार खाल्ला.

दुखणं फार वाढलं की रचनाला बोलता यायचं नाही. दात दातांत रुतायचे. तेव्हा ती एकच करायची... रिमोटवरचं हॉर्नचं बटन दाबायची.

पीं... पीं... पीं...

त्याचा अर्थ फक्त घरातल्यांना माहीत होता. दुखून राहिलं. धडक दे.

आणि मधेच लाईट गेली तर? तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग होतं. दुपारी लाईट जायची म्हणजे जायचीच. टीव्ही बंद, रिमोट मेलेला. मग संघदीप बाजेवर बसायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी तिचा गुडघा दाबत राहायचा. लाईट येईपर्यंत. अंगठे भरून यायचे, पण थांबायचा नाही.

रचना ऑगस्टमध्ये गेली. गोंदियाला, दवाखान्यात. आठवडाभर पाऊस लागलेला. संघदीप तिच्याजवळ होता. रिमोट घरी राहिला होता.

मयतीला सारा मोहल्ला आला. आणि जो आला तो एकच बोलला.

"सुटली बिचारी."

शेजारच्या रुख्मा काकू म्हणाल्या, सुटली. मिलमधले हमाल म्हणाले, पोरगी सुटली जी. मावशीच्या गळ्यात पडून मीही तेच म्हटलं. दुसरं म्हणणार काय? इतकं दुखणं पाहिल्यावर माणसाजवळ तेवढाच एक शब्द उरतो. मावशीनं तो धरून ठेवला. रडता रडता स्वतःशीच म्हणायची, सुटली माझी माय, आता नाई दुखत तिले.

संघदीप रडला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आले, गाथा झाल्या, पंगत बसली. तो वाढत होता. एकेकाला विचारत होता, भात घ्या, वरण घ्या. चुलीवरचा भाताचा गंज त्यानं फडक्याशिवाय उचलला. तळहाताला फोड आला. तो फोड दुसऱ्या दिवशी मावशीनं पाहिला, तेव्हा त्याला कळलं.

नंतर मला म्हणाला होता, "पिंकी, मले आतून लाईट गेल्यावानी वाटे. सारं जागच्या जागी आहे, पण काही चालून नाई राहिलं."

दुकानातून आला की तो प्लेस्टेशन लावून बसायचा. रेसचा गेम नाही, बाकीचे. नव्या नव्या डीव्हीडी आणायचा, आणायच्या म्हणून. एकदा मी देवरीहून, माझ्या घरून, आले होते, तेव्हा त्याच्याशेजारी बसले. पडद्यावर डोंगर होते, पडणारा पाऊस होता, इतकी सुंदर नदी होती की मी सुद्धा बघत राहिले.

"कसा आहे हा गेम?" मी विचारलं.

"चालू होते," तो म्हणाला. "बंद होते."

नदीच्या काठाकाठानं त्याचा माणूस चालत होता. त्यानं पाण्यात पाय टाकला नाही.

इथून पुढचं मी संघदीपनं सांगितलं तसं सांगते. तो असल्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यातला नाही. तेव्हा तर मुळीच नव्हता.

सप्टेंबरातली गोष्ट. तो शेतीचा गेम खेळत होता. मुळे उपटत होता. घरात शांतता. मावशी आत भाजी चिरत होती.

आणि लांबून आवाज आला...

पीं.

बारीक. एकदाच.

त्याला वाटलं बाहेर कोणाची मोटरसायकल असेल. परत मुळे उपटू लागला.

पीं... पीं...

या वेळी आवाज टीव्हीतून आला. शेताच्या संगीताच्या मागून. त्या गेममध्ये गाडी नाही. सायकलसुद्धा नाही. त्यानं विचार केला, कॉपी डीव्हीडी आहे, खराब निघाली. असं होतं. मोबाईलमध्येही होतं, एका गाण्यात दुसरं गाणं ऐकू येतं.

मग आतून मावशीचा आवाज आला.

"बंद कर ना रे तो हॉर्न. मले आयकवत नाई."

म्हणजे तिनंही ऐकला होता.

टीव्हीवर मुळ्याचा वाफा होता हे त्यानं तिला सांगितलं नाही. फक्त आवाज कमी केला. त्याला भीती वाटली का, असं मी विचारलं. म्हणाला, नाही. काहीच वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं, एवढं मात्र त्याला समजत होतं.

त्यानंतर अधूनमधून ते होऊ लागलं. कधी मढ्यांच्या गेममध्ये, किंकाळ्यांच्या मधोमध. कधी फुटबॉलमध्ये, प्रेक्षकांच्या आरडाओरड्याखाली. त्यानं डीव्हीडी बदलली, वायर बदलली, टीव्हीच्या मागचं जाळं पुसलं. तो रिपेरिंगवाला माणूस. बिघाड म्हटला की तो शोधायचा असतो, एवढंच त्याला येत होतं.

बिघाड सापडला नाही.

दसरा जवळ आला. आमच्याकडे दसरा म्हणजे नागपूर, दीक्षाभूमी. मावशी-मावसाजी दर वर्षी जातात. त्या वर्षी मावशी नाही म्हणत होती, पण मावसाजींनी तिला तयार केलं. त्याच दिवसांत एकदा जेवताना ते संघदीपला म्हणाले,

"ते मशीन देवरीकडच्या वसतिगृहात देऊन टाकू. पोट्टे खेळतीन. रचनाच्या नावानं दान होईन. नागपूरवरून आलो का मी स्वतः नेऊन देतो."

"द्या," संघदीप म्हणाला.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुले काही वाटत नाई का रे?"

"चालू हालतीत आहे तोवर देलेलं बरं," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

दसऱ्याला सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. मी देवरीहून आदल्या दिवशीच आले होते. संघदीप मागे राहिला. म्हणाला दुकान आहे. दुकान बंद होतं, सगळ्यांना माहीत होतं. मावसाजींनी त्याला ओढून नेलं नाही.

आता ती दुपार.

दारासमोर ऊन. पलीकडच्या शेतांच्या बांध्यांत धान पिवळं पडत चाललेलं. गल्लीत कोणी नाही, निम्मा मोहल्ला नागपूरला गेलेला. घरात एकटा संघदीप. लाईट जायला अजून वेळ होता.

त्यानं दानाची वस्तू बांधायला घेतली.

आमच्यात दान द्यायचं तर वस्तू धड असावी असं मावसाजींनी लहानपणापासून शिकवलेलं. फाटकं-तुटकं देऊन दानाचं नाव करू नये. म्हणून त्यानं सगळं पुसलं. दुसऱ्या रिमोटची वायर काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि तो रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. पिशवी रचनाच्या बाजेवर ठेवली. मग त्याला वाटलं, मशीन एकदा चालवून बघावं. वसतिगृहाच्या पोरांना कोणता गेम आवडेल? गाड्यांचा.

ऑगस्टनंतर त्यानं पहिल्यांदा ती डीव्हीडी घातली. झाकणावर बत्ता ठेवला.

गेम सुरू झाला. त्यानं एकट्याचा खेळ निवडला. गाडी निवडली, लाल. रस्ता उघडला. पूर्ण पडदाभर रस्ता, वर निळं आभाळ.

तीन, दोन, एक...

आणि पडदा आडवा कापला गेला.

वरच्या अर्ध्यात त्याची लाल गाडी.

खालच्या अर्ध्यात पांढरी.

त्यानं बाजेकडे पाहिलं. पिशवी होती तिथेच होती. गाठ मारलेली. आतला रिमोट दिसत होता, त्याची गुंडाळलेली वायर, वरचं रबर. मशीनला एकच वायर लागलेली होती आणि ती त्याच्या हातातल्या रिमोटची होती.

दुसऱ्या गाड्या निघून गेल्या. लाल गाडी तिथेच उभी राहिली.

मग पांढरी गाडी हळूच मागे सरकली. तिरकी झाली. रस्ता सोडून कडेला गेली... आणि पिवळ्या भिंतीला टेकून थांबली.

रोजची जागा.

घरात पंख्याचा आवाज तेवढा होता.

पीं...

संघदीप हलला नाही.

पीं... पीं... पीं...

तो मला म्हणाला, "पिंकी, मले भूत-गीत काहीच आठवलं नाई. मले सगळे लोक आठवले. रुख्मा काकू, हमाल, तू. सारे म्हणत होते ना, सुटली. आई रोज म्हणते, आता नाई दुखत तिले. अन् इथं हॉर्न वाजून राहिला."

हॉर्नचा अर्थ एकच होता. तो कधी बदलला नव्हता.

त्यानं गाडी मागे घेतली, वेग घेतला आणि पांढऱ्या गाडीला धडक दिली.

बाजेवर पिशवी करकरली.

बंद पिशवीत, वायर नसलेला रिमोट घुरघुरत होता. प्लास्टिक थरथरत होतं. मग थांबलं.

हॉर्नही थांबला. थोडा वेळ. मग पुन्हा.

पीं... पीं...

तो मागे गेला. धडक. पिशवी करकरली. मागे. धडक. करकर. जसं चालायचं तसंच. त्यानं मान वर करून बाजेकडे बघणंही सोडलं. बघायची गरज नव्हती, ते दोघं खेळायचे तेव्हाही तो बघत नसे. बाजेवरून तिचा श्वास ऐकू यायचा, त्यावरून त्याला कळायचं आणखी जोरात पाहिजे का हळू.

त्या दुपारी श्वास ऐकू आला नाही. फक्त पिशवी.

हॉर्न लांब होत गेले. पूर्वी फार वाढलं की ती बटन दाबून धरायची, सोडायचीच नाही. तसं.

पींऽऽऽ...

त्यानं धडका वाढवल्या. आणि तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं.

लाईट जायची वेळ झाली होती.

पहिल्यांदा, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा, त्याला भीती वाटली. "थांब," तो मोठ्यानं म्हणाला. कोणाला, त्यालाही माहीत नाही. सणाचा दिवस आहे, आज नाही जाणार, असं मनात म्हणत तो धडकत राहिला. लाल गाडीचा पुढचा भाग चेपला होता. पिवळ्या भिंतीशी पांढरी गाडी हलत होती, हॉर्न चालू होता...

लाईट गेली.

टीव्ही काळा झाला. पंखा गरगरत हळू झाला आणि थांबला. बाहेरचं ऊन तसंच.

सगळं गप्प.

आणि मग काळ्या टीव्हीतून...

पींऽऽऽऽ...

संघदीप उठला. दारातून बाहेर पळाला असता तरी कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. मी तर पळालेच असते. तो बाजेकडे गेला. पिशवीची गाठ दातांनी सोडवली. रिमोट बाहेर काढला.

रिमोट गरम होता. उन्हातल्या वस्तूसारखा नाही. ताप आलेल्या अंगासारखा.

तो बाजेवर बसला, आपल्या नेहमीच्या जागी. रिमोट समोर ठेवला. आणि दोन्ही अंगठ्यांनी तो दाबू लागला.

संध्याकाळ झाली. धानावरून गार वारा आला. कोणीतरी दारावरून हाक मारून गेलं, त्यानं उत्तर दिलं नाही. लाईट कधीतरी परत आली, पंखा फिरला, टीव्हीवर मुंग्या आल्या, त्याला भान नव्हतं. हॉर्न कधी थांबला तेही त्याला सांगता येत नाही. म्हणतो, थांबल्यावरही कानात चालूच होता, म्हणून दाबत राहिलो.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दार उघडं. संघदीप बाजेवर बसलेला, समोर रिमोट, आणि त्याचे अंगठे चालू. दोन्ही अंगठे सुजून काळेनिळे झालेले. नखांच्या कडांना रक्त वाळलेलं.

मावशीनं हातातली पिशवी टाकली. "काय करून राहिला रे? सोड. सोड म्हणते ना."

तो सोडेना. मी आणि मावशीनं मिळून त्याचे हात बाजूला केले. मी रिमोट उचलला. सकाळची वेळ, गारवा होता, फरशी थंड होती.

रिमोट कोमट होता.

मावशीनं त्याला पाणी पाजलं. मग त्यानं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडला नाही. शेतीच्या गेमपासून सुरुवात केली आणि लाईट गेल्यापर्यंत आला. मावशी खाली बसली. "सुटली ना रे ती?" एवढंच विचारत राहिली. "सुटली ना?"

मी मावसाजींकडे पाहिलं. ते दारातच उभे होते, खांद्यावर पिशवी, चपला अजून पायात. मला वाटलं आता रागावणार. भिंतीवरच्या प्रतिज्ञा दाखवणार. उतरवून टाकलेल्या लिंबांचं सरबत या माणसानं प्यायलं होतं.

ते आले. संघदीपसमोर उकिडवे बसले. त्याचे सुजलेले अंगठे हातात घेतले.

मग हळू आवाजात म्हणाले,

"मंग... थांबलं का तिचं दुखणं?"

संघदीपनं माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं.

"मले माहीत नाई बाबा," तो म्हणाला. "लाईट गेलती."

आणि तेव्हा तो रडला. ऑगस्टपासूनचं सगळं रडला.

प्लेस्टेशन वसतिगृहात गेलं नाही. पोरांना मावसाजींनी कॅरम दिला, पुस्तकं दिली. त्याविषयी घरात पुन्हा चर्चा झाली नाही. मी दोन-तीनदा विषय काढला तर मावशी उठून आत गेली.

दिवाळीच्या आत मावसाजी इन्व्हर्टर घेऊन आले. त्या वेळी त्या गल्लीत तो पहिलाच. जोडायला आलेल्या माणसानं विचारलं, पंख्याला देऊ का बैठकीच्या लाईटला?

"टीव्हीले," मावसाजी म्हणाले.

संघदीपचं पुढं लग्न झालं. तो आता गोंदियात असतो, स्वतःचं दुकान आहे. बरा आहे. नव्या मशिनी आल्या, मोठे मोठे गेम आले, तो खेळतोही. फोन केला की सांगतो, यात पाणी चांगलं आहे, यात नाही.

आमगावला मी मागच्या उन्हाळ्यात गेले होते. भरदुपारी पोहोचले. मावशी आत झोपलेली. बैठकीत मावसाजी बनियनवर बसले होते, टीव्हीसमोर. आता मिल सुटली आहे, डोळ्यांना जाड चष्मा. हातात रिमोट. रिमोट धरायची त्यांची पद्धत अजून अडाण्यासारखी, दोन्ही हातांनी घट्ट.

पडदा आडवा कापलेला होता.

लाल गाडी मागे जात होती, वेग घेत होती, धडकत होती. मागे जात होती.

खालच्या अर्ध्यात पांढरी गाडी पिवळ्या भिंतीला टेकून उभी होती. दुसरा रिमोट रचनाच्या बाजेवर, उशीजवळ ठेवलेला. त्याची वायर गुंडाळलेली. वर रबर.

मावसाजींनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाले, "बस पिंकी. थोडं राहिलं आहे."

मी बसले. विचारलं काहीच नाही. त्यांनी कधी काही ऐकलं का, की नुसतंच, न जाणो म्हणून, रोज करतात, हे मला आजही माहीत नाही. आणि खरं सांगू, मला ते माहीत करून घ्यायचं नाही.

एक मात्र झालं आहे. मी आता कोणाच्या मयतीला गेले, घरच्यांच्या शेजारी बसले, आणि बायका म्हणू लागल्या की सुटला बिचारा, सुटली बिचारी...

मी गप्प बसते.